केनियाच्या अधिकाऱ्यांचं पुण्यात प्रशिक्षण : बारा दिवसांत पाणलोट शिकवायचं की निधीचा अर्ज?

सिंहगडरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पुण्यातली आमची संस्था छोटी आहे. काम पाणलोट आणि गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं. केनियातल्या मकुएनी आणि कितुई या काउंट्यांमधले अठरा अधिकारी बारा दिवसांसाठी येणार आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखीच, पण तिला स्वतःचं अंदाजपत्रक आणि निवडून आलेला गव्हर्नर असतो. त्यांची मागणी अशी की परत जाताना ॲडाप्टेशन फंड किंवा ग्रीन क्लायमेट फंड या आंतरराष्ट्रीय हवामान निधींना पाठवण्याजोगा प्रस्ताव हातात हवा. आमच्या माणसांना सलग समतल चर, शेततळं, सिमेंट नाला बांध हे झोपेत विचारलं तरी येतं. निधीवाल्यांची भाषा येत नाही.

विचारायचं ते असं. कोणता महिना धरावा? प्रस्ताव खरंच लिहून घेता येईल का? आपल्याकडचं कोणतं तंत्र तिकडे चालणार नाही? आणि परदेशी पाहुणे म्हटल्यावर कागदपत्रांत कुठे अडकायला होतं?

शक्यतो आकडे द्या. ‘क्षमताबांधणी महत्त्वाची आहे’ हे आम्हाला माहीत आहे.

---

हिशेबनीस

पहिली गोष्ट, बारा दिवसांत प्रस्ताव होत नाही हे त्यांना आत्ताच कळवून टाका. नाहीतर शेवटच्या दिवशी अठरा चेहरे पडलेले दिसतील.

कारण साधं आहे. काउंटीला या दोन्ही निधींकडे थेट जाताच येत नाही. ॲडाप्टेशन फंडाला अर्ज जातो तो मान्यताप्राप्त संस्थेमार्फत. केनियात अशी राष्ट्रीय संस्था म्हणजे तिथलं पर्यावरण प्राधिकरण, नेमा. (आपल्याकडे हा दरवाजा नाबार्डचा आहे.) ग्रीन क्लायमेट फंडालाही मान्यताप्राप्त संस्था लागतेच, वर त्या देशाच्या नियुक्त प्राधिकरणाचं ‘हरकत नाही’ पत्र लागतं. केनियात ते राष्ट्रीय कोषागाराकडून येतं. त्या पत्राशिवाय कितीही सुंदर प्रस्ताव असला तरी तो उघडला जात नाही.

दोन निधींमधला फरक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. ॲडाप्टेशन फंड लहान आहे. एका देशाला मिळणाऱ्या रकमेची मर्यादा आधी १ कोटी डॉलर होती, ती २०२१ मध्ये २ कोटी केली. आताची मर्यादा किती आहे ते ताज्या मार्गदर्शिकेत बघून घ्या. हा निधी अनुकूलनाचा (म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा) पूर्ण खर्च देतो, स्वतःचा वाटा घाला असा आग्रह धरत नाही. ग्रीन क्लायमेट फंड मोठा. १ कोटीपर्यंतचा प्रकल्प सूक्ष्म, ५ कोटीपर्यंत लहान, २५ कोटीपर्यंत मध्यम. सोप्या मंजुरीची एक वेगळी वाट आहे, तिच्यात निधीचा हिस्सा अडीच कोटी डॉलरपर्यंत चालतो आणि पर्यावरणीय धोका नगण्य असावा लागतो. प्रकल्प तयार करण्यासाठीही स्वतंत्र पैसे मिळतात, १५ लाख डॉलरपर्यंत. हे बहुतेकांना माहीत नसतं. मग पदरमोड करून सल्लागार नेमतात.

वरखर्चाच्या मर्यादाही सांगा. ॲडाप्टेशन फंडात मान्यताप्राप्त संस्थेचं शुल्क ८.५ टक्क्यांपर्यंत, अंमलबजावणीचा प्रशासकीय खर्च ९.५ टक्क्यांपर्यंत. गाड्या, कार्यालय, समन्वयक हे सगळं या दुसऱ्या आकड्यात बसवावं लागतं. मसुद्यात नाकापेक्षा मोती जड झाला की पहिल्याच छाननीत प्रश्न येतात.

आता खरं अडखळायचं ठिकाण. ‘मकुएनीत पाणी कमी आहे म्हणून वीस बंधारे बांधू’ हा विकासाचा प्रस्ताव झाला, अनुकूलनाचा नाही. छाननी करणारा विचारतो की हवामान बदललं नसतं तरी हे बंधारे लागले असतेच ना? मग त्यांचा पैसा आमच्याकडे का मागता? उत्तरात साखळी जोडून दाखवावी लागते. हवामानातली कोणती गोष्ट बदलते आहे, त्याचा कुणाच्या कशावर किती परिणाम होतो, हे काम त्यातला किती परिणाम कमी करतं, आणि ते झालं नाही तर काय. एखाद्या मातीच्या बंधाऱ्याचा सांडवा जुन्या पूरनोंदींवर बेतलेला असेल आणि मोठ्या सरींसाठी तो रुंद करायचा असेल, तर त्या वाढीव रुंदीचा खर्च सरळ अनुकूलनात धरता येतो. मूळ बंधाऱ्याचा धरायचा तर फार युक्तिवाद करावा लागतो.

या साखळीत केनियाच्या बाबतीत एक खास फट आहे. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठा पावसाळा १९८० च्या दशकापासून कमी होत गेल्याचं नोंदी सांगतात. हवामानाची प्रारूपं मात्र पुढे तो वाढेल म्हणतात. शास्त्रज्ञांचा हा वाद जुना आणि जाहीर आहे. म्हणून ‘पाऊस कमी होत जाणार’ असं एका ओळीत ठोकून दिलं की जाणकार छाननीकार तिथेच पेन ठेवतो. ‘अनिश्चितता वाढली आहे, दोन्ही टोकांना टिकेल असं काम निवडलं आहे’ असं लिहा आणि खरोखर तसं कामही निवडा.

तेव्हा बारा दिवसांचं उद्दिष्ट एवढंच ठेवा : काउंटीतल्या एका वॉर्डसाठी (छोट्या प्रशासकीय विभागासाठी) ही साखळी आकड्यांसह चार-पाच पानांत. पूर्ण प्रस्ताव पुढे नेमासारखी संस्था लिहील. तिला हवी असते ती हीच चार पानं, आणि काउंट्यांकडून नेमकी तीच येत नाहीत.

---

भूजल_पाषाण

हिशेबनीसांच्या साखळीला आकडे लागतात. ते कुठून येतात आणि कुठे फसतात ते सांगतो.

येताना त्यांच्याकडून आपापल्या वॉर्डचा मासिक पाऊस मागवा, निदान तीस वर्षांचा. हवामानाची ‘सरासरी’ तीस वर्षांवर काढतात. केंद्राच्या नोंदींत भोकं असणारच. तिथे चर्प्स हा उपग्रह आणि जमिनीवरच्या नोंदी मिळून केलेला संच वापरा. तो १९८१ पासूनचा आहे, फुकट आहे, चौकट साधारण साडेपाच किलोमीटरची. पण डोळे मिटून घेऊ नका. जिथे खऱ्या पर्जन्यमापकाची पाच-सात वर्षं सलग सापडतील, तिथे दोन्ही शेजारी ठेवून फरक किती पडतो ते बघा. डोंगराळ भागात फरक मोठा निघतो.

पाण्याचा ताळेबंद तुम्हाला येतोच. फक्त त्यांच्यासमोर एकेक पायरी उघडून मांडा. १ हेक्टरवर १ मिमी म्हणजे १० घनमीटर. ८०० हेक्टरच्या गावात ५०० मिमी पडला तर ४० लाख घनमीटर, आपल्या भाषेत ४,००० टीसीएम (हजार घनमीटर). हा आकडा ऐकून सगळे खूश होतात. इथे थांबू नका, कारण त्यातला बराचसा जमिनीचा ओलावा आणि बाष्पीभवन यांतच जातो. खरी मेख पुढे आहे. विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर सरासरी ४ मीटर वर आली, तर भूजलात भर किती पडली? क्षेत्र गुणिले चढ गुणिले खडकाची जलदेयता (खडकातून निघू शकणाऱ्या पाण्याचा टक्का). २ टक्के धरली तर ६४० टीसीएम, ३ टक्के धरली तर ९६०. फरक ३२० टीसीएमचा. उन्हाळी पिकाला हेक्टरी ६ टीसीएम धरलं तर हा ५३ हेक्टरचा फरक झाला. एका टक्क्याच्या चुकीपायी गावाला ५३ हेक्टर जास्त लावायला सांगितलं जातं, आणि मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात.

आपल्याकडे भूजल अंदाजाच्या प्रचलित निकषांत झिजलेल्या किंवा भेगाळ बेसॉल्टला २ टक्के (पल्ला १ ते ३) धरतात. झिजलेला ग्रॅनाइट-नाइस असेल तर चिकणमाती कमी असताना ३ टक्के, जास्त असताना दीड. मकुएनी-कितुईत मुख्यतः जुना नाइसचा खडक आहे, आपल्यासारखा सगळीकडे बेसॉल्ट नाही. म्हणून आपला २ टक्क्यांचा तक्ता त्यांच्या हातात देऊन पाठवू नका. आकडा काढायची पद्धत द्या : उपसा चाचणी कशी करतात, पातळी कधी मोजतात. हो, मोजायचे महिनेही वेगळे. आपण पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा पातळी मोजतो. त्यांचे पावसाळे दोन, मार्च-मे आणि ऑक्टोबर-डिसेंबर. तेव्हा वर्षातून चार मोजण्या : फेब्रुवारीअखेर, जूनच्या सुरुवातीला, सप्टेंबरअखेर, जानेवारीच्या सुरुवातीला.

काय चालणार नाही, या प्रश्नाचं उलटं उत्तर देतो. काही गोष्टी त्यांच्याकडून शिकण्यासारख्या आहेत. डोंगरउतारावर आपण चर खणतो तेव्हा माती उताराच्या खालच्या अंगाला टाकतो. त्यांच्याकडे ‘फान्या जू’ आहे, स्वाहिलीत अर्थ ‘वर टाका’. चराची माती वरच्या अंगाला टाकायची, तिथे गवताचा बांध धरायचा. दोन बांधांमधली जमीन वर्षागणिक सपाट होत जाते आणि आपोआप मजगी (पायऱ्यापायऱ्यांचं शेत) तयार होते. मचाकोस भागात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्यांना ६० बाय ३० सेंटिमीटरच्या चरात मीटरमागे १८० लिटर पाणी मावतं हे शिकवायला जाल तर ते मान डोलावतील, पण मनात हसतील.

दुसरं म्हणजे वाळूचे बंधारे. कितुईच्या हंगामी नद्यांत भरड वाळू वाहते. नदीत खडक उथळ असेल तिथे पक्की भिंत घालतात, मागे वाळू साचते आणि पाणी वाळूत राहतं. भरड वाळूतून आकारमानाच्या २५-३० टक्के पाणी काढता येतं, आणि वरचा अर्धा-पाऊण मीटर सोडला की बाष्पीभवन जवळपास थांबतं. आपल्या नाल्यांत वाहते ती बारीक काळी गाळमाती, म्हणून इथे तो प्रकार बसत नाही. पण तिथेही हे बंधारे फसतात, आणि दोनच कारणांनी. एक, भिंत एका दमात पूर्ण उंचीची बांधली. मग मागे पाणी तुंबतं, संथ पाण्यात वाळूऐवजी गाळ बसतो, आणि गाळातून पाणी निघत नाही. भिंत टप्प्याटप्प्यानं चढवायची असते, म्हणजे गाळ वरून निघून जातो आणि वाळू मागे राहते. दोन, भिंतीची टोकं काठात पुरेशी आत घेतली नाहीत, आणि पुरात नदीनं काठ कापून बगल दिली. निधीच्या दृष्टीनं पहिली चूक जास्त घातक, कारण अनुदान एका आर्थिक वर्षात संपवायचं असतं आणि टप्पे तीन-चार वर्षांचे. प्रस्तावातच टप्प्यांचा खर्च वर्षवार लिहिला नाही, तर अभियंता एका दमात बांधणारच.

आणि अस्तरीकरणाच्या शेततळ्याचं गुणगान जपून करा. ३० बाय ३० मीटर तोंड, ३ मीटर खोली, १:१ उतार असं तळं धरलं तर २,१९६ घनमीटर पाणी मावतं. त्यात पावसाचं अपधाव (वाहून जाणारं पाणी) साठवलं तर उत्तम. आपल्याकडे कित्येक ठिकाणी ते बोअरवेलनं भरतात, म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उपसून उन्हात ठेवतात. दिवसाला ६ मिमी बाष्पीभवन आणि तळं सरासरी अर्ध्या खोलीपर्यंत भरलेलं धरलं तर शंभर दिवसांत सुमारे ४४० घनमीटर उडून जातात, पाचवा हिस्सा. वर शेजाऱ्याची विहीर आटते ती वेगळीच. हे त्यांना तळ्याच्या काठावर उभं करून सांगा.

---

पुरंदरवाला

महिन्याबद्दल. ऑक्टोबर-डिसेंबर आणि मार्च-मे बाद, कारण तेव्हा त्यांचा पेरणीचा हंगाम आणि कृषी अधिकाऱ्याला जागा सोडता येत नाही. विशेषतः ऑक्टोबर-डिसेंबरचा पाऊस त्या भागात जास्त भरवशाचा, वर्षाचं पीक त्यावरच. उरले जानेवारी-फेब्रुवारी आणि जून-सप्टेंबर.

आता त्यांचं अंदाजपत्रक बघा. आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. काउंटीचा वार्षिक विकास आराखडा १ सप्टेंबरपर्यंत सभागृहात मांडावा लागतो, वित्तीय धोरणपत्र २८ फेब्रुवारीपर्यंत, अंदाजपत्रक ३० एप्रिलपर्यंत. प्रशिक्षणात केलेलं काम त्या वर्षीच्या आराखड्यात शिरायचं असेल, तर जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा पहिला असे बारा दिवस धरा. सप्टेंबरात घेतलंत तर वरातीमागून घोडं.

तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो, पण त्याचाच फायदा घ्या. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला पाचशेच्या आसपास. एका दिवसात हा उतार डोळ्यांनी दिसतो. क्षेत्रभेट सासवडच्या पुढे अवर्षणप्रवण पट्ट्यात ठेवा. मोठी बस काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर नेऊ नका, रुतली की अर्धा दिवस गेला. डांबरीपर्यंत बस आणि पुढे जीप किंवा चालत.

पर्जन्यमापकावर एक अख्खी सकाळ द्या. विमा, पूर्वसूचना, वर सांगितलेली साखळी, सगळं त्या एका डब्यावर उभं असतं. स्वयंचलित केंद्रात दोलपात्र (भरलं की कलंडणारं छोटं पात्र) असतं. नळीत कोळ्याचं जाळं, पक्ष्याची विष्ठा किंवा पान अडकलं की यंत्र ‘शून्य’ नोंदवतं, बिघाड नोंदवत नाही. कागदावर तो कोरडा दिवस ठरतो. तपासणी सोपी आहे. तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्र ३१४ चौरस सेंटिमीटर. ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १० मिमी पाऊस. बाटलीच्या झाकणाला टाचणीनं भोक पाडा, बाटली उलटी धरा, अर्ध्या तासात हळूहळू रिकामी होऊ द्या. दर ०.५ मिमीला पात्र एकदा कलंडत असेल तर २० टक्‌टक्‌ ऐकू आल्या पाहिजेत. ०.२ मिमीचं असेल तर ५०. एकदम ओतलं तर पात्र कलंडता कलंडता पाणी निसटतं आणि मोजणी कमी भरते, मग चांगल्या यंत्राला नावं ठेवली जातात.

---

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. दोन पुरवणी प्रश्न. एक, त्यांच्या पत्रात दुष्काळ विम्याबद्दलही एक दिवस मागितला आहे. ठेवावा का? दोन, हिशेबनीस, मोठा निधी इतका लांबचा असेल तर पैशाचा भाग पूर्णच काढून टाकू का?

---

विमावाला_डेक्कन

दिवस ठेवा, पण विमा कसा विकत घ्यायचा यावर नको. कधी घ्यायचा नाही यावर ठेवा.

निर्देशांकावरचा विमा नुकसान मोजत नाही. पाऊस किंवा उपग्रहाचा आकडा मोजतो. आकडा आणि शेत यांच्यातलं अंतर हाच धोका. शिकवायला उत्तम उदाहरण मलावीचं. २०१५-१६ च्या हंगामात मलावी सरकारनं आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या आफ्रिकी देशांच्या विमा संस्थेकडून दुष्काळ विमा घेतला होता. दुष्काळ भीषण पडला, सरकारनं आपत्ती जाहीर केली, पण विम्याच्या प्रारूपानं बाधितांची संख्या इतकी कमी दाखवली की भरपाई लागूच होईना. शोध घेतल्यावर कळलं की प्रारूपात मक्याचं जास्त दिवसांचं वाण धरलं होतं, आणि शेतकरी तोवर कमी दिवसांच्या वाणाकडे वळले होते. गृहीतक बदलून पुन्हा हिशेब केला, मग ८१ लाख डॉलर मिळाले. ते आले तेव्हा उपासमारीचे महिने सुरूही झाले होते.

त्यामुळे सराव असा द्या. वॉर्डातल्या जुन्याजाणत्या शेतकऱ्यांना गेल्या पंचवीस वर्षांतली सर्वांत वाईट पाच वर्षं विचारायची. ही यादी त्यांनी येतानाच आणावी. इथे दुसऱ्या गटानं पावसाच्या आकड्यांवरून निर्देशांकाची वाईट पाच वर्षं काढायची. दोन्ही याद्या शेजारी लावा. पाचांपैकी निदान चार वर्षं जुळली नाहीत तर तो करार घेऊ नये. जुळत नसण्याची कारणं शोधण्यातच दुपार जाते, आणि जावी. कधी एकूण पाऊस ठीक असतो पण फुलोऱ्यात तीन आठवडे खंड पडलेला असतो. कधी नुकसान पावसाचं नसतंच, टोळधाडीचं असतं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून महसूल मंडळाची ६५ मिमीची अतिवृष्टीची रेघ दाखवा. मंडळाच्या केंद्रावर ६१ नोंदले गेले आणि दहा किलोमीटरवरच्या शेतात ९० पडले, तर कागदावर अतिवृष्टी नाही. हे त्यांना लगेच पटेल, कारण त्यांच्याकडे केंद्रं याहून विरळ आहेत.

---

हिशेबनीस

पैशाचा भाग काढू नका, दिशा बदला.

आधी प्रमाण लक्षात घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे विकसनशील देशांना अनुकूलनासाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील. २०२३ मध्ये परदेशी सार्वजनिक पैसा पोचला तो सुमारे २६ अब्ज. आडातच इतकं कमी आहे, तर एका काउंटीच्या पोहऱ्यात किती येणार? आणि हवामानासाठीच्या सार्वजनिक पैशात मोठा वाटा कर्जाचा आहे. कर्जाची फेड डॉलरमध्ये, उत्पन्न शिलिंगमध्ये. जानेवारी २०२२ मध्ये डॉलर ११३ शिलिंगच्या आसपास होता, जानेवारी २०२४ मध्ये १६० च्या. १ कोटी डॉलरचं देणं दोन वर्षांत ११३ कोटी शिलिंगवरून १६० कोटींवर गेलं, व्याज वेगळंच. बंधाऱ्यातून डॉलर उगवत नाहीत. काउंटीला राष्ट्रीय सरकारच्या हमीशिवाय कर्ज घेता येत नाही हे एका परीनं बरंच आहे.

पण या अठरा जणांच्या हातात एक पैसा आत्ता आहे. मकुएनीनं २०१५ मध्ये नियम करून काउंटीच्या विकास-अंदाजपत्रकाचा १ टक्का हवामान निधीला ठेवला. वजीर काउंटीनं २ टक्के ठेवले. वॉर्डच्या समित्या कामं सुचवतात, आणि ठरलेली वाटणी साधारण अशी की ७० टक्के वॉर्डच्या कामांना, २० टक्के काउंटीभरच्या कामांना, प्रशासनाला १० हून जास्त नाही. पुढे त्याच धर्तीवर जागतिक बँकेच्या मदतीनं देशपातळीवरचा कार्यक्रम आला. म्हणजे रचना तयार आहे. मोठ्या निधीकडे जाताना लेखापरीक्षणाचा, खरेदीचा आणि तक्रारनिवारणाचा जो पुरावा मागतात, तो याच लहान पैशाच्या वापरातून जमतो. म्हणून पैशाचे तीन दिवस ठेवा आणि त्यांत त्यांनी आणलेलं चालू वर्षाचं एक खरं काम घ्या. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तक, देयक, आणि पाच वर्षांची देखभाल कुणाच्या खात्यातून, सगळं कागदावर.

आपल्या पोकराचाही (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचाही) एक तास ठेवा, पण दोन्ही बाजू सांगा. पहिल्या टप्प्यात जागतिक बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज, ५,१४२ गावं, अर्ज ते अनुदान सगळं ऑनलाइन आणि थेट खात्यात. गळती रोखायला छान. पण पूर्वसंमती मिळाली की वस्तू आधी स्वतःच्या पैशानं घ्यायची आणि अनुदान मागाहून, या क्रमात ज्याच्याकडे आधी घालायला पैसे नाहीत तो आपोआप बाहेर राहतो. केनियात हीच पद्धत उचलली तर ज्यांच्यासाठी निधी आहे तेच सुटतील.

---

वारजेताई

सगळं ठीक आहे, पण अठराच्या अठरा अधिकारी कशाला? त्यांच्या बदल्या होतात. चौदा अधिकारी आणि चार वॉर्ड समितीतले, त्यातल्या दोघी तरी बायका, असं आग्रहानं मागा. पान्यानं नट आवळणारं माणूस प्रशिक्षणात नसेल तर पंप दुसऱ्या वर्षी बंद पडतो.

सौरपंपाचं उदाहरण द्या. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, पंप आणि कंट्रोलर त्याच्या कितीतरी आधी जातात. प्रस्तावात मात्र पॅनलचं आयुष्य लिहिलेलं असतं. समजा पंप-कंट्रोलर मिळून दोन लाख रुपये आणि आयुष्य सात वर्षं. वर्षाला साडेअठ्ठावीस हजार बाजूला पडले पाहिजेत. दीडशे घरं असतील तर घरटी महिन्याला सोळा रुपये. हे सोळा रुपये कोण गोळा करणार, कोणत्या खात्यात, दोन सह्या कुणाच्या, हे इथेच ठरवून लिहायला लावा. सोळा रुपये जड नसतात, गोळा करणारं माणूस ठरलेलं नसतं.

आणि परत गेल्यावरचा एक व्हिडिओ कॉल आत्ताच खर्चात धरा. नोव्हेंबरात नको, तेव्हा ते शेतात असतील.

---

कागदपत्रवाला

चौथा प्रश्न सगळे विसरले.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. केनिया भारताच्या पीतज्वर यादीत आहे. लसीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो. दाखल्याशिवाय किंवा आठव्या दिवशी उतरलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. म्हणजे बारातले सहापर्यंत दिवस जाऊ शकतात. निमंत्रणपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा.

राहण्याची सोय तुमच्या वसतिगृहात असेल तर प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती (आधीचा फॉर्म सी) चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते. हॉटेलवाले भरतात. संस्थांच्या वसतिगृहांत हे कुणाला माहीतच नसतं.

पैसे परदेशातून येणार असतील तर ते देणगी की प्रशिक्षणाचं शुल्क, हे करारातच स्पष्ट करा. देणगी असेल तर एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं, आणि त्यातला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. क्षेत्रभेटीसाठी एखाद्या गावच्या संस्थेला वाटा द्यायचा विचार असेल तर इथे गाडी अडते. सीएला आधी विचारा.

भारत सरकारच्या आयटेक या परदेशी उमेदवारांच्या प्रशिक्षण कार्यक्रमात विमानभाडं, राहणं, शुल्क, भत्ता सगळं मिळतं. १९६४ पासून चालू आहे. पण अभ्यासक्रम परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीतल्या संस्थेनंच चालवावा लागतो आणि उमेदवार नैरोबीतल्या आपल्या उच्चायोगामार्फत येतात. यंदा जमणार नाही. पुढच्या वर्षासाठी पुण्यातल्या यादीतल्या एखाद्या संस्थेशी आत्तापासून बोला.

---

सिंहगडरोडकर

लसीचं खरंच डोक्यात नव्हतं, आजच मेल टाकतो. तारखा २० ते ३१ जुलै धरतोय, चार जागा वॉर्ड समित्यांना. पुरंदरवाले, पर्जन्यमापकाच्या तपासणीचं आमच्या छतावर करून बघितलं. ३१४ मिलिलिटर घातलं तर ३१ टक्‌टक्‌ आल्या. यंत्र ०.५ मिमीचं आहे. बिघडलंय का?

---

पुरंदरवाला

यंत्र बहुधा ठीक आहे, तोंड मोजा. सगळ्यांचा व्यास २० सेंटिमीटर नसतो, तेवढं मी गृहीत धरून लिहिलं. आपल्याकडच्या फायबरच्या पर्जन्यमापकांत १०० आणि २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचेही असतात. नियम एवढाच की क्षेत्रफळ जितके चौरस सेंटिमीटर, तितके मिलिलिटर म्हणजे १० मिमी. २०० चं असेल तर ३१४ मिलिलिटर म्हणजे १५.७ मिमी, त्याला ३१ बरोबर बसतात. आधी पट्टीनं व्यास घ्या, मग २०० मिलिलिटर घालून २० येतात का बघा. केनियाहून येणाऱ्यांनाही त्यांच्या केंद्राचा व्यास मोजून आणायला सांगा.